डावीकडचा ठिपका

अन्याय झाला तो सुधाकर मेश्राम यांच्यावर. शहर बसचे निवृत्त कंडक्टर, राहणार मांजरी. केव्हा झाला तेही नेमकं सांगते. गेल्या वर्षीच्या गणपतीत, गौरी जेवतात त्या दुपारी. मेश्रामकाका पेठेतल्या एका स्कॅन सेंटरच्या काउंटरपुढे डॉक्टरांची चिठ्ठी धरून उभे होते आणि त्याच वेळी आतल्या खोलीत त्यांचा स्कॅन मशीनवरून पुसला जात होता. मध्ये प्लायवूडची एक भिंत होती, बस.

हे आधीच सांगून टाकते, कारण या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे वेगळंच मागितलं होतं. ‘आयटीतले अनुभव लिहा, जरा हलकंफुलकं, दिवाळी आहे.’ मी हो म्हटलं. पण कॉलेजात मी पत्रकं लिहायचे, हॉस्टेलच्या पाण्यापासून रखडलेल्या शिष्यवृत्तीपर्यंत सगळ्यावर. पत्रकात पहिल्याच ओळीत सांगावं लागतं की कुणाचं काय गेलं. ती सवय सुटत नाही. हलकंफुलकं जेवढं होतं तेवढं मध्ये येईल.

माझी नोकरी यकृतं रंगवायची होती. हडपसरच्या पुढे एका आयटी पार्कात, काचेच्या इमारतीत, आमची कंपनी परदेशातल्या रुग्णालयांचे स्कॅन घेऊन बसलेली. यकृताच्या कर्करोगाचा पेशंट तिकडे, त्याचा सर्जन तिकडे, आणि शस्त्रक्रियेआधी त्याच्या यकृताचं मोजमाप करणारी माणसं इकडे, डबा खाऊन कॉम्प्युटरपुढे.

काम समजायला अवघड नाही. सीटी स्कॅन म्हणजे सुरी न लावता माणसाच्या केलेल्या चकत्या. काकडीच्या चकत्या पुन्हा एकावर एक रचल्या तर काकडी उभी राहते, तसं कॉम्प्युटर त्या चकत्या रचून पोटातलं यकृत पडद्यावर उभं करतो. यकृताची कड तो स्वतःच आखतो, पण जिथं यकृत जठराला किंवा हृदयाला टेकतं तिथं फसतो. मग आम्ही एकेक चकती उघडून कड दुरुस्त करायची. यकृत हिरवं, शिरा निळ्या, गाठ तांबडी. सर्जननं कुठून कापायचं ठरवलंय ती रेघ टाकायची आणि उरलेल्या तुकड्याचं माप काढायचं. सगळा धंदा एका प्रश्नावर चालतो. कापून उरेल तेवढ्यावर माणूस जगेल का? यकृत पुन्हा वाढतं हे खरं, पण ते वाढेपर्यंत उरलेल्या तुकड्यानं घर चालवायचं असतं. निरोगी यकृताचा साधारण तिसरा हिस्सा राहिला तरी निभतं. आधीच आजारी, चिवट झालेलं असेल तर त्याहून बरंच जास्त ठेवावं लागतं. नाहीतर गाठ निघते आणि माणूसही जातो.

आम्हाला शिकवणाऱ्या देशमुख मॅडमनी पहिल्या आठवड्यात कॅम्पातून बकऱ्याची कलेजी आणली आणि मीटिंग रूमच्या टेबलावर कागद पसरून तिच्या शिरा दाखवल्या. संध्याकाळपर्यंत ऑफिसभर वास. सगळ्यांना ईमेल आलं, की मीटिंग रूममध्ये मांसाहार करू नये. मॅडमनी उत्तर दिलं, ‘आहार केलेला नाही, अभ्यास केला.’

परदेशातला एक सर्जन गाठ तांबडी दाखवू देत नसे. पेशंट घाबरतो म्हणून जांभळी करा म्हणायचा. आमचे टीम लीड जोशी सर पडद्यावरून नजर न काढता म्हणाले, “करा जांभळी. एवढं सगळं नावडतं चाललंय त्याचं, रंग तरी आवडीचा असू दे.”

तर अशी नोकरी. आणि तिचा पहिला नियम असा, की स्कॅन अपुरा आला तर कामाला हात लावायचा नाही, परत पाठवायचा. तिकडून लगेच माफी मागून पूर्ण स्कॅन यायचा. त्यांच्याकडे तो जपलेला असायचा. आपल्याकडे यापेक्षा वेगळं काही असेल असं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मी पुण्यात बसत होते, पण पुण्याच्या माणसाचं यकृत कधी पाहिलं नव्हतं.

मेश्रामकाका माझे घरमालक. चंद्रपूरकडचे, तरुणपणी पुण्यात आले आणि निवृत्त होईपर्यंत बसमध्ये तिकिटं फाडली. मांजरीत वर एक खोली काढून भाड्यानं दिली होती, तीत मी राहायचे. माझं काम कळल्यावर त्यांनी माझ्या नोकरीचं नाव ‘कलेजी कंपनी’ ठेवलं आणि ते गल्लीत पसरलं. काकू रविवारी खरोखरची कलेजी करायच्या आणि ताटली वर पाठवायच्या.

काकांना एकदा लॅपटॉपवर कुणाचंतरी यकृत दाखवलं होतं, नाव-गाव काढलेलं. यकृताचे आठ भाग असतात आणि प्रत्येकाची रक्ताची वाट वेगळी, म्हणून एखादा भाग काढता येतो, हे सांगितलं. ते बराच वेळ बघत राहिले.

“म्हणजे आठ सीटांची गाडी,” ते म्हणाले. “कोनत्या सीटा काढल्या तरी गाडी चालते, ते पाहून राहिली तू.”

मी म्हटलं, अगदी बरोबर. त्यानंतर मी कामावरून आले की ते खालून विचारायचे, आज किती सीटा काढल्या?

पावसाळ्यात त्यांचं वजन उतरायला लागलं. उजव्या बरगडीखाली जड वाटायचं. सोनोग्राफीत यकृताच्या उजव्या बाजूला मोठी गाठ दिसली. रक्त तपासल्यावर कळलं, की कितीतरी वर्षांपासून त्यांना ‘बी’ प्रकारची कावीळ, म्हणजे हिपॅटायटिस बी, होती, आतल्या आत, कुणाला पत्ता न लागता.

पण कावीळ कळण्याआधी, आणि कळल्यानंतरसुद्धा, जो तो एकच विचारी, किती घ्यायचात? पहिल्या डॉक्टरनं विचारलं, दुसऱ्यानं विचारलं, सोनोग्राफीवाल्यानं मशीनकडे बघत विचारलं. काकांच्या वडिलांनी छप्पन साली नागपुरात दीक्षा घेतलेली. बावीस प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याची एक आहे. ती बापानं पाळली आणि मुलानंही. काकांनी हे शांतपणे सांगितलं. डॉक्टर हसले आणि म्हणाले, सगळे असंच सांगतात. बाहेर आल्यावर काकू म्हणाल्या, “प्याले असते तर निदान खोटं तरी नसतं.” त्या रविवारपासून त्यांच्या घरात कलेजी शिजली नाही.

सर्जन मात्र चांगल्या भेटल्या. डॉक्टरबाई फारसं बोलायच्या नाहीत, पण समोरच्या माणसाकडे बघून बोलायच्या. पेठेतल्या सेंटरवर काढलेल्या सीटीच्या फिल्म त्यांनी उजेडावर लावल्या. उजवीकडची गाठ काढण्यासारखी होती, उजवी बाजू अख्खी काढावी लागणार होती. काकांनी पापणीसुद्धा न हलवता ऐकलं. मग बाईंनी डाव्या बाजूला पेनाचं टोक टेकवलं. तिथं एक बारीक ठिपका होता.

“हा काय आहे, त्यावर सगळं आहे,” त्या म्हणाल्या. “हा पण कर्करोग असेल तर मी पोट उघडणार नाही. नसेल तर याच महिन्यात उघडीन. फिल्मवर मला ठरवता येत नाही. पूर्ण स्कॅन आणा, तिन्ही फेऱ्यांचा, बारीक चकत्यांचा.” मी काय काम करते ते कळल्यावर म्हणाल्या, “मग डावी बाजू मोजूनही द्या. उगाच अंदाजानं कापायला नको.”

तिन्ही फेऱ्या म्हणजे काय ते सांगते, कारण काकांचं नशीब त्यात अडकलं. स्कॅनच्या वेळी हातातून औषध सोडतात, त्यानं रक्त पडद्यावर उजळतं. मशीन थोड्याथोड्या अंतरानं तीन फेऱ्या घेतं. कर्करोगाची गाठ पहिल्या फेरीत झपकन उजळते आणि शेवटच्या फेरीत विझून काळी पडते. पण यकृतात निरुपद्रवी ठिपकेही असतात, रक्तवाहिन्यांचा नुसता गुंता. तो कडेकडेनं हळूहळू भरत जातो आणि शेवटपर्यंत भरलेला राहतो. म्हणजे एका चित्रावरून काही कळत नाही. सुरुवात आणि शेवट शेजारी ठेवून पाहावे लागतात.

घरी येऊन मी फिल्मच्या पिशवीतली सीडी लॅपटॉपमध्ये घातली. तीत फक्त मधली फेरी होती, तीही जाड चकत्यांची. जाड चकत्यांमध्ये तो ठिपका एका चकतीत दिसायचा आणि पुढच्या चकतीत नसायचा. आमच्या ऑफिसात असा स्कॅन आला असता तर उघडल्याबरोबर परत गेला असता.

मग समजलं, की या सेंटरची ही पद्धतच आहे. आपल्याकडे फिल्मला मान. डॉक्टर फिल्म बघतात, पेशंट फिल्मची मोठी पिशवी काखेत मारून हिंडतो आणि घरी कपाटावर ठेवतो. म्हणून सेंटरवाले छापण्यापुरती चित्रं निवडतात आणि सीडीवरही तीच घालून देतात. बाकीचा सगळा स्कॅन, म्हणजे खरा स्कॅन, मशीनच्या डिस्कवर पडून राहतो. डिस्क भरली की साफ करतात. सुट्ट्या आल्या की आधीच साफ करतात, म्हणजे नंतर गर्दीत मशीन अडत नाही. यात कुणाचा दुष्टपणा नाही. दुष्ट माणूस सापडला असता तर मला हे लिहायला सोपं गेलं असतं.

गणपती बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी काकांना घेऊन सेंटरवर गेले. काउंटरवर पाटी होती, ‘रिपोर्ट मिळाल्यानंतर हुज्जत घालू नये.’ काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, अहो, सीडीत सगळं असतं. मी म्हटलं, नाहीये. त्यांनी माझ्याकडे पाहून विचारलं, आपण डॉक्टर आहात का? मी नाही म्हटलं. मग डॉक्टरांची चिठ्ठी आणा, त्याशिवाय देता येत नाही. डॉक्टरबाई तेव्हा दीड दिवसाच्या गणपतीला कोकणात, फोन लागेना. मी विचारलं, तोपर्यंत स्कॅन राहील ना? “जाईल कुठं तो?” असं त्या म्हणाल्या. हे मी कानांनी ऐकलंय.

डॉक्टरबाई परतल्या आणि गौरी जेवणाच्या दिवशी सकाळी त्यांनी चिठ्ठी दिली. माझ्याकडे त्या दिवशी कुणा परदेशी माणसाचं यकृत होतं, त्याचं ऑपरेशन ठरलेलं, सुट्टी मिळेना. काका म्हणाले, कायले येतेस, मले रस्ता माहीत नाही का? तो रस्ता त्यांनी आयुष्यभर लोकांना तिकिटावर दाखवला होता. पण गणपतीत बस बुधवार पेठेकडून वळवलेली. मंडईजवळ उतरून, गर्दीतून, उजव्या बरगडीवर हात दाबत ते चालत गेले.

काउंटरवर त्यांना सांगण्यात आलं, आज अर्धा दिवस आहे, टेक्निशियन आत कामात आहेत, विसर्जनानंतर या. ते म्हणाले, चिठ्ठी तरी घेऊन ठेवा. ठेवता येत नाही म्हणाल्या. ते थोडा वेळ तसेच उभे राहिले, मग बाकावर बसले. जाताना कुणीतरी त्यांच्या हातावर प्रसादाचा पेढा ठेवला. तो त्यांनी खिशातून आणून मला दिला. “तुमचा देव, तूच खा,” म्हणाले. चिठ्ठी दुसऱ्या खिशात होती.

विसर्जनानंतर आम्ही दोघं गेलो. टेक्निशियन भला माणूस. त्यानं शोधलं, पुन्हा शोधलं आणि मान खाली घालून म्हणाला, नाहीये. गौरीच्या दुपारी डिस्क साफ केली. किती वाजता, मी विचारलं. जेवायच्या सुट्टीच्या आधी, म्हणाला. काका काउंटरवर होते तेव्हाच.

मी आवाज चढवला, तेव्हा सेंटरचे मालक डॉक्टर बाहेर आले. अत्यंत सभ्य गृहस्थ. ते संभाषण मला जसंच्या तसं पाठ आहे.

“तुम्ही आधी सांगायला हवं होतं,” ते म्हणाले.

“आधीच सांगितलं होतं.”

“लेखी दिलंत का?”

“लेखी चिठ्ठी घेऊन हे इथं उभे होते. गौरीच्या दिवशी.”

“हे पाहा, इथं रोज बरेच जण उभे असतात.” मग काकांकडे वळून, मायेनं, “फिल्म आहेत ना तुमच्याकडे, आजोबा? मग झालं तर.”

काकांनी नमस्कार केला आणि मला म्हणाले, चाल. रस्त्यात एवढंच बोलले, की बसमध्ये पुढं सरका पुढं सरका म्हणून आपन ओरडतो, पन उभ्या मानसाले उतरवून नाही देत.

पुन्हा स्कॅन करायचा म्हटलं तर ते औषध पुन्हा सोडावं लागणार. पहिल्या वेळेनंतर काकांची मूत्रपिंडं कुरकुरत होती. रक्त तपासायचं, थांबायचं, पुन्हा तपासायचं. डॉक्टरबाईंनी दुसऱ्या तपासण्यांची खटपट केली, मोठ्या रुग्णालयात नंबर लावला, तो पुढे पुढे जात राहिला. काका दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरला जायचे. त्या वर्षी पांढरा शर्ट घालून घरीच बसले.

दिवाळीच्या तोंडावर कुठं स्कॅन झाला. या वेळी मी मशीनच्या खोलीबाहेर उभी राहिले आणि तिन्ही फेऱ्या, बारीक चकत्या, सगळं घेतल्याशिवाय तिथून हलले नाही. ऑफिसात जोशी सरांना विचारलं. ते म्हणाले, जेवणाच्या सुट्टीत करा, कंपनीचं नाव कुठं येऊ देऊ नका, आणि नीट करा.

नीट केलं. डावी बाजू हिरवी रंगवली आणि मोजली. पुरत होती. चिवट यकृत धरूनही पुरत होती. मग तो ठिपका उघडला. पहिली फेरी, कडेला थोडा उजेड. मधली, आणखी आत. शेवटची, पूर्ण भरलेला आणि तसाच राहिलेला. रक्तवाहिन्यांचा गुंता. माणूस असा ठिपका घेऊन म्हातारा होतो, त्याला कळतही नाही. ज्या ठिपक्यासाठी सगळं थांबलं होतं तो काहीच नव्हता.

मग मी निळा रंग घेतला आणि शिरा भरायला लागले. यकृताला रक्त आणणारी मोठी शीर भरेना. तिच्या मुख्य खोडात करडं बूच बसलं होतं. उजवीकडची गाठ शिरेत उतरून पुढे सरकली होती. गणपतीआधीच्या जाड चकत्यांमध्येही ती शीर मी पाहिली होती. तेव्हा ती मोकळी होती. जोशी सर मागे उभे होते. त्यांनी ते पाहिलं आणि माझा डबा झाकून ठेवला.

डॉक्टरबाईंनी पडद्याकडे बराच वेळ पाहिलं. आता नाही, म्हणाल्या. मी विचारलं, गणपतीत पूर्ण स्कॅन तुमच्या हातात असता तर? त्यांनी टाळलं नाही. “केलं असतं ऑपरेशन. वाचले असते का, ते मी सांगू शकत नाही. पण केलं असतं.” मीही यापेक्षा जास्त म्हणत नाही. वाचलेच असते असं म्हणणं खोटेपणा होईल. काकांपुढे एक दार होतं, ते उघडून बघायचा त्यांचा हक्क होता, आणि तो डिस्कवर जागा व्हावी म्हणून पुसला गेला.

घरी सांगायचं काम माझ्यावर आलं. काकू आत दिवाळीचं काहीच करत नव्हत्या, नुसत्या ओट्यापाशी उभ्या होत्या. काका खाटेवर. त्यांनीच विषय काढला.

“डावीकडल्या सीटवर कोन बसलं होतं?”

“कुणी नाही, काका. रिकामी होती.”

“मंग गाडी काऊन सुटली?”

थंडी सरता सरता ते गेले. अंत्यविधीला जुने कंडक्टर बरेच आले होते. त्यातल्या एकानं बाजूला घेऊन मला हळूच विचारलं, ताई, घेत होता का हो? मी काय बोलले ते या अंकात छापता येणार नाही.

त्यानंतर मी पुन्हा पत्रक काढलं. ‘तुमचा स्कॅन तुमचा आहे’ एवढंच मथळ्यात. रविवार सोडून रोज कुठल्या ना कुठल्या सेंटरबाहेर उभी राहून वाटलं. काही जणांनी ते वाचलं, बऱ्याच जणांनी त्यात वडा गुंडाळला. एका सुरक्षारक्षकानं हाकललं, मग संध्याकाळी येऊन स्वतःच्या आईसाठी एक मागून नेलं. पेठेतल्या त्या सेंटरवर नवी पाटी लागली, ‘सीडी तपासून घ्यावी. नंतर तक्रार चालणार नाही.’ म्हणजे सुधारणा झाली ती त्यांच्या बचावात. नोकरी मी सोडली. परदेशी यकृतं रंगवायला इथं भरपूर हात आहेत, चांगले आहेत, आणि ते काम वाईट नाही. त्या कामानं तिकडची माणसं जगतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणूनच राग येतो. तीच मोजपट्टी, तेच शहर, आणि मांजरीच्या माणसासाठी फिल्मची पिशवी.

आता तुमच्याकडे येते. हे वाचून हळहळू नका, हळहळीनं पुसलेली डिस्क भरत नाही. अंक खाली ठेवा. कपाटावरची फिल्मची पिशवी काढा, आईची, वडिलांची, कुणाची असेल ती. आतली सीडी शोधा आणि घरात जो कुणी कॉम्प्युटरवर बसतो त्याला घालायला सांगा. सगळ्या फेऱ्या आहेत का, बारीक चकत्या आहेत का, ते कळत नसेल तर डॉक्टरांना दाखवून विचारा. नसतील तर आजच्या आज सेंटरवर जा, लेखी मागा, आणि अर्ज मिळाल्याची त्यांची सही घ्या. पुढच्या वेळी तर सीडी हातात पडेपर्यंत जिना उतरूच नका.

आणि काउंटरवरून कुणी म्हणालं, की दिवाळीनंतर या, तर तिथंच उभे राहा.